वाढीचे गणित आणि दिल्लीची शाळा

दिल्ली मेट्रोची पिवळी मार्गिका विश्वविद्यालय स्थानकावरून दक्षिणेकडे निघाली की थोड्याच वेळात पटेल चौक आणि केंद्रीय सचिवालय येते. उत्तरेला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, तिचे रतन टाटा ग्रंथालय आणि जवळच इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ. मध्यावर संसद मार्गावरचे पूर्वीचे योजना भवन, रिझर्व्ह बँकेचे दिल्ली कार्यालय आणि अर्थ मंत्रालय. गाडी पुढे हौज खासला पोचते. तिथून भारतीय सांख्यिकी संस्थेचे दिल्ली केंद्र आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ रिक्षाच्या अंतरावर. त्याही पुढे गुरुग्राम लागते आणि तिथे कारखाने आणि कचेऱ्या सुरू होतात. देशाची अर्थव्यवस्था कशी वाढते हे शिकवणारे वर्ग, ती वाढवण्याचे निर्णय घेणाऱ्या कचेऱ्या आणि ती प्रत्यक्ष वाढत असलेला मुलूख असे तिन्ही एकाच तिकिटात पाहायला मिळणे ही या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी मोठी मिळकत आहे.

स्थूल अर्थशास्त्र आणि आर्थिक वाढीचे सिद्धांत हा पदव्युत्तर अभ्यासक्रमातला सर्वांत धाक वाटणारा भाग. पदवीपर्यंत राष्ट्रीय उत्पन्न, बचत, चलनवाढ ही नावे वाचून झालेली असतात. एम.ए.ला गेल्यावर तीच नावे समीकरणांत बसून समोर येतात आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयातून आलेला हुशार विद्यार्थीही पहिल्या सत्रात गांगरतो. त्याला गणित शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण ते समीकरण कोणत्या प्रश्नातून जन्मले, दिल्लीत त्यावर काय काय बेतले गेले आणि त्यात काय धरलेच नव्हते, हे सांगणारे कमी. या प्रस्तावनेचा भर तिथे आहे. सिद्धांत त्याच्या गृहीतकांसकट आणि त्याच्या भारतीय इतिहासासकट शिकला तरच तो धोरणाच्या कामी येतो, अशी तिची धारणा आहे.

दिल्ली स्कूल १९४९ मध्ये व्ही. के. आर. व्ही. राव यांनी उभी केली. पण तिचा जो काळ आजही सोनेरी म्हणून सांगितला जातो, तो साठच्या दशकातला. जगदीश भगवती, अमर्त्य सेन, सुखमय चक्रवर्ती आणि के. एन. राज तेव्हा एकाच इमारतीत शिकवत होते. दशकाच्या शेवटी मनमोहन सिंगही तिथे प्राध्यापक झाले. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की या काळातली महत्त्वाची पाच वर्षे, १९६२ ते १९६७, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताचे प्रतिनिधी होते आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याने मध्यवर्ती बँक चालवली आणि अर्थसंकल्प मांडले, तो माणूस पुढे या अर्थतज्ज्ञांच्या विद्यापीठाचा प्रमुख झाला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते.

ते १९५६ साल या विषयाच्या इतिहासात वेगळ्याच कारणाने ठळक आहे.

एप्रिलमध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत अमेरिकेत रॉबर्ट सोलो यांचा वाढीवरचा निबंध प्रसिद्ध झाला होता आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर स्वान यांचा. भारताची योजना एका गणितावर उभी राहत होती आणि बाहेर त्या गणिताची जागा घेणारे दुसरे गणित छापून येत होते. हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

योजनाकारांचा हिशेब हॅरॉड आणि डोमर या अर्थतज्ज्ञांच्या धाटणीचा होता. एक रुपयाचे वार्षिक उत्पादन वाढवायला तीन रुपयांचे भांडवल लागते असे धरले, तर राष्ट्रीय उत्पन्नाचा जेवढा वाटा गुंतवाल त्याच्या एक तृतीयांश दराने उत्पन्न वाढेल. १९५०-५१ मध्ये हा वाटा सुमारे पाच टक्के होता, म्हणजे वाढ जेमतेम पावणेदोन टक्के. लोकसंख्या वर्षाला सव्वा टक्क्याने वाढते असे पहिल्या योजनेने धरले होते. उरते ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि एवढ्या वेगाने गरिबी हटायला पिढ्या जातील. म्हणून बचत वाढवा, गुंतवणूक वाढवा, हा निष्कर्ष त्या गणितातून आपोआप निघत होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यात भर घातली ती ही, की गुंतवणुकीतला मोठा वाटा यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांकडे वळवला तर पुढे वाढीचा वेग चढत जाईल. भिलई, राउरकेला आणि दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यांमागे हा विचार आहे.

सोलो यांनी एकच गृहीतक बदलले. भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण ठरीव नसते. भांडवल वाढत जाते तसतसा त्याच्या प्रत्येक नव्या नगाचा उपयोग कमी होतो, आणि एका टप्प्यावर सारी नवी गुंतवणूक घसारा भरून काढण्यात आणि नव्या कामगारांना अवजारे पुरवण्यात खर्ची पडते. भांडवलाचा उत्पन्नातला वाटा एक तृतीयांश मानला, तर बचतीचा दर दहाचा वीस टक्के केल्यावर दरडोई उत्पन्न अखेरीस सुमारे ४१ टक्क्यांनी वर जाऊन स्थिरावते. वाढीचा वेग कायमचा दुप्पट होत नाही. दीर्घकालीन वेग ठरतो तंत्रज्ञानाच्या प्रगतीने. जुन्या सूत्रात बचत म्हणजे सर्व काही होती. सोलोंच्या सूत्रात ती उंची ठरवते, वेग ठरवत नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्याने हे ४१ टक्के एकदा स्वतः कागदावर काढून पाहावेत. पुढची दोन वर्षे त्याला त्याचा उपयोग होईल.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्या योजनेचे लक्ष्य वार्षिक २.१ टक्के वाढीचे होते आणि साधली ३.६ टक्के. दुसरीचे लक्ष्य ४.५ टक्के होते आणि तिथे थोडे कमी पडले. मात्र लोकसंख्येचे गृहीतक साफ कोसळले. १९६१ च्या जनगणनेने दशकातली वाढ २१ टक्क्यांहून अधिक दाखवली, म्हणजे वर्षाला जवळपास दोन टक्के. मुंबईहून सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच बजावले होते, की कामगाराला धान्य आणि कापड मिळाले नाही तर यंत्रे बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणार कोण. साठच्या दशकातल्या दुष्काळांनी आणि आयात गव्हाने त्या इशाऱ्याचे वजन दाखवून दिले. १९८० पर्यंतची तीन दशके सरासरी वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळली. दिल्ली स्कूलच्याच राज कृष्ण यांनी तिला ‘हिंदू वृद्धिदर’ म्हटले आणि ते नाव जगभर गेले.

नियोजनाच्या त्याच काळात पुण्याहून धनंजयराव गाडगीळ दिल्लीत आले. १९६७ ते १९७१ ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्राची योजना-मदत कोणत्या निकषांवर वाटायची हे ठरवणारे १९६९ चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

सोलोंच्या समीकरणात भांडवलासाठी एक अक्षर असते. ते अक्षर मोजायचे कसे, हा प्रश्न ज्यांनी जन्मभर सोडला नाही त्यांत कृष्णा भारद्वाज यांचे नाव फार वरचे आहे. जन्म १९३५ चा, कारवारचा. माहेरच्या त्या चंदावरकर. बालपण बेळगावात गेले, नंतर मुंबई. पिएरो स्राफा यांचे १९६० चे छोटेसे, अतिशय अवघड पुस्तक ‘इकॉनॉमिक वीकली’चे संपादक सचिन चौधुरी यांनी या तरुण अभ्यासिकेच्या हाती परीक्षणासाठी दिले. १९६३ मध्ये ते परीक्षण छापून आले आणि केंब्रिजमध्ये, खुद्द स्राफांपर्यंत, त्याची वाखाणणी झाली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, परत आल्या, दिल्ली स्कूलमध्ये शिकवले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जेएनयूमध्ये आर्थिक अध्ययन व नियोजन केंद्र उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

त्यांचा मुद्दा समजायला सोपा आहे, पचायला कठीण. लोखंडी नांगर, कापडाचा माग आणि संगणक यांची बेरीज करायची तर त्यांच्या किमती हव्यात. किमती नफ्याच्या दरावर अवलंबून असतात. आणि नफ्याचा दर तर भांडवलाच्या राशीवरून काढायचा आहे. मग गाठ सोडवायची कोणत्या टोकाने? केंब्रिज विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातले अर्थतज्ज्ञ यांच्यात यावर साठच्या दशकात मोठा वाद झाला. आजची पाठ्यपुस्तके त्याला एखाद्या तळटीपेत उरकतात, आणि हे बरोबर नाही. भारद्वाजांनी ही शंका भारतीय मातीत आणली. शेती व्यवस्थापनाच्या पाहण्यांची आकडेवारी घेऊन लिहिलेल्या १९७४ च्या पुस्तकात त्यांनी दाखवले, की लहान शेतकऱ्यासाठी जमीन, कर्ज, मजुरी आणि धान्यविक्री हे वेगवेगळे बाजार नसतात. ज्याच्याकडून कर्ज घेतले त्यालाच धान्य विकावे लागते, त्याच्याच शेतावर राबावे लागते. अशा ठिकाणी बाजारभाव हा दोन सुट्या माणसांतला करार उरत नाही. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. दिल्लीत आज एखादा विद्यार्थी एका विद्यापीठात सोलो आणि दुसऱ्यात स्राफा वाचतो, आणि दोन्हीकडे त्याला गंभीरपणे घेतले जाते, याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते.

वाढीच्या सिद्धांताची दुसरी लाट ऐंशीच्या दशकात आली आणि तिच्या उगमापाशी भारत उभा आहे. रॉबर्ट लुकास यांनी १९८५ मध्ये केंब्रिजला दिलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हिशेब मांडला: १९६० ते १९८० या काळात भारताचे दरडोई उत्पन्न वर्षाला १.४ टक्क्याने वाढले, दक्षिण कोरियाचे सात टक्क्यांनी. या वेगाने भारताचे उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षे लागतील, कोरियाचे दहा. भारत सरकारला यावर काही करता येईल का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. पॉल रोमर यांनी १९९० च्या प्रतिमानात तंत्रज्ञानाला बाहेरून पडणारा पाऊस न मानता संशोधनातून, नफ्याच्या अपेक्षेने घडणारी गोष्ट मानले. त्या प्रतिमानाच्या पोटात जी यंत्रणा आहे ती अविनाश दीक्षित आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्या १९७७ च्या निबंधातून आलेली. दीक्षित मुंबईचे, समतोल वाढीच्या सिद्धांतावर त्यांचे १९७६ चे एक नेटके पुस्तकही आहे.

या लाटेचे उदाहरण दिल्लीच्या वेशीवर आहे. डिसेंबर १९८३ मध्ये गुरुग्रामच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. सुरुवातीला बरेच सुटे भाग जपानहून येत. ते इथेच बनवायचे म्हणून कंपनीभोवती पुरवठादार उभे राहिले आणि गुरुग्राम, मानेसर, फरिदाबादच्या शेडांमध्ये कामगार नवी मापे, नवी शिस्त शिकले. एका कारखान्यात शिकलेला कारागीर दुसरीकडे गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर गेले आणि त्याची किंमत पहिल्या मालकाला कोणी दिली नाही. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये, काम करता करता होणारे शिक्षण वाढीला कसे कारण होते, हे लिहिले होते. या पट्ट्यात ते चालताबोलता पाहता येते.

वाढ कोणापर्यंत पोचली, हे मोजण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले ते सुरेश तेंडुलकर. १९३९ चा जन्म, दिल्ली स्कूलमध्ये एम.ए., हार्वर्डची डॉक्टरेट, भारतीय सांख्यिकी संस्थेत काम आणि मग २००४ पर्यंत दिल्ली स्कूलमध्ये अध्यापन. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे ते पहिले अध्यक्ष. सर्वसामान्यांना मात्र त्यांचे नाव दारिद्र्यरेषेमुळे ठाऊक झाले, आणि तेही चुकीच्या अर्थाने. इथे थोडे थांबायला हवे.

पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दिवसाला २२५० कॅलरींचा निकष लावून गरिबी मोजली होती. पुढे सरकारी गटानेही कॅलरींचाच आधार घेतला. २००४-०५ साठी त्या जुन्या पद्धतीने देशातले गरीब २७.५ टक्के भरत होते. तेंडुलकर समितीने २००९ च्या अखेरीस अहवाल दिला. कॅलरींचा खुंटा सोडून तिने शहरी गरिबाचा प्रत्यक्ष उपभोग आधाराला घेतला, शिक्षण आणि औषधोपचाराचा खर्च त्यात धरला आणि तीच टोपली खेड्यात व वेगवेगळ्या राज्यांत किती रुपयांना पडते ते काढले. रेषा आली खेड्यात दरडोई महिना ४४६.६८ रुपये, शहरात ५७८.८० रुपये. गरिबांचे प्रमाण ३७.२ टक्क्यांवर गेले. ग्रामीण गरिबीचा आकडा तर ४१.८ टक्के. म्हणजे या समितीने कोट्यवधी माणसांना गरिबांच्या मोजणीत परत आणले.

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले आणि शहरात दिवसाला ३२, खेड्यात २६ रुपये हे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. देशभर संताप उसळला. तेंडुलकर तोवर हयात नव्हते. जूनमध्ये त्यांचे निधन झाले होते. ज्यांनी आकडा वाढवला त्यांचे नाव गरिबी लपवण्याशी जोडले गेले, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. रेषा फार खाली आहे ही टीका रास्तच होती. २०११-१२ ला शहरात दरडोई महिना हजार रुपये, म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याला पाच हजार. दिल्लीत खोलीचे भाडे भरणाऱ्या कोणालाही हे समजेल. पण दोन वर्षांची तुलना करण्यासाठी आखलेली रेषा आणि सरकारी मदत कोणाला मिळावी हे ठरवणारी रेषा या वेगळ्या गोष्टी आहेत. धोरणविश्लेषण शिकणाऱ्याला या प्रकरणाइतका मोलाचा धडा क्वचितच मिळेल.

अल्पकालीन धोरणाची बाजू अधिक परिचित आहे. जुलै १९९१ मधले रुपयाचे दोन टप्प्यांतले अवमूल्यन आणि २४ तारखेचा मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प. १९९७ मध्ये सरकारी तूट आपोआप नोटांनी भरण्याच्या पद्धतीची अखेर. २००३ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा, ज्याच्या अंमलबजावणीचा आराखडा विजय केळकर यांच्या कृती दलाने आखला. आणि २०१६ पासून चलनवाढ चार टक्के, दोन इकडे-तिकडे, राखण्याची जबाबदारी असलेली सहा जणांची पतधोरण समिती. पहिल्या समितीत दिल्ली स्कूलच्या पमी दुआ आणि सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्राचे चेतन घाटे होते.

डिसेंबर २०२४ ची बैठक वर्गात घेऊन बसावी अशी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी जाहीर झालेल्या आकड्यांनी जुलै-सप्टेंबर तिमाहीतली वाढ ५.४ टक्क्यांवर घसरल्याचे सांगितले. ऑक्टोबरची चलनवाढ मात्र ६.२ टक्के, मर्यादेच्या वर, आणि तिच्यामागे मुख्यतः भाज्या. रेपो दर साडेसहावर ठेवायचा की उतरवायचा? चौघांनी ठेवायचा म्हटले. दिल्ली स्कूलचे संचालक राम सिंग आणि नागेश कुमार यांनी पाव टक्का कपातीला मत दिले. लासलगावात कांदा कडाडला, आझादपूर मंडईत टोमॅटो महागला, तर व्याजदर वाढवून पीक लवकर येत नाही, हा एका बाजूचा युक्तिवाद. लोकांनी महागाई धरूनच मजुरी आणि भाव ठरवायला सुरुवात केली तर भाज्या उतरल्यावरही महागाई उतरत नाही, हा दुसरा. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक निर्देशांकात अन्नपदार्थांचा भार सुमारे ४६ टक्के होता, त्यामुळे भारतात हा वाद पुस्तकी राहिला नाही. समितीचे इतिवृत्त चौदा दिवसांनी सर्वांसाठी खुले होते आणि प्रत्येक सदस्याला आपल्या मताची कारणे त्यात द्यावी लागतात. त्याहून चांगले पूरक वाचन सापडणे कठीण.

आता पुढच्या अभ्यासाविषयी. सोलोंपासून सुरुवात करणे योग्यच, कारण बाकीचे सगळे त्याच्याशी भांडत उभे राहिले आहे. कलन आणि सांख्यिकी यांना पर्याय नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एम.ए.च्या आधीची सुट्टी त्यासाठी राखून ठेवावी. पण प्रत्येक प्रतिमानाबरोबर एक भारतीय आकडेवारीचा संच हाती असायला हवा, आणि तो कसा गोळा झाला हेही माहीत हवे. उपभोग खर्चाची २०१७-१८ ची राष्ट्रीय पाहणी सरकारने प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे २०११-१२ नंतरची पुढची प्रसिद्ध झालेली पाहणी एकदम २०२२-२३ ची आहे. मधल्या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, वस्तू व सेवा कर आला, कोविड येऊन गेला. या काळात कोणत्या घराचे ताट भरले आणि कोणत्या घराचे रिते झाले, याचा वर्षवार हिशेब अप्रत्यक्ष खुणांवरून, म्हणजे मजुरीचे दर, दुचाकींची विक्री, रोजगार हमीच्या कामाची मागणी यांवरून जुळवावा लागतो. ते काम अजून बरेचसे करायचे राहिले आहे.